गोड्या पाण्यातल्या शैवालावर रसायनाचा विषारीपणा तपासणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही चाचणी नेमके काय मोजते?

रसायन मिसळलेल्या पाण्यात शैवालाची वाढ किती मंदावते, एवढेच. किती पेशी मेल्या हे ती सांगत नाही. मासा किंवा डॅफ्निया (पाण्यातला पिसवासारखा बारीक जीव) यांच्या चाचणीत मेलेले, निपचित पडलेले जीव मोजतात. इथे ७२ तासांत लोकसंख्या किती पटींनी वाढली हे मोजायचे असते. धडधाकट शैवाल साधारण दहा-अकरा तासांत दुप्पट होते, म्हणजे तीन दिवसांत सहा-सात पिढ्या उलटतात. त्यामुळे याच एका चाचणीतून तीव्र विषारीपणाचा आकडाही मिळतो आणि दीर्घकालीन परिणामाचाही.

यातून एक गोष्ट ओघाने येते. रसायन न घातलेल्या फ्लास्कमधली, म्हणजे कंट्रोलमधली वाढ ही या चाचणीची मोजपट्टी आहे. खाली ज्या अडचणी आल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक रसायनाच्या नसून या मोजपट्टीच्या आहेत.

कोणती पद्धत पाळायची?

सर्वाधिक वापरली जाते ती ओईसीडीची (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची) २०१ क्रमांकाची मार्गदर्शिका. ती १९८४ मध्ये आली, २००६ मध्ये बरीच बदलली आणि २०११ मध्ये तिच्यात दुरुस्त्या झाल्या. आयएसओ ८६९२ तिच्या जवळची आहे. अमेरिकी नियामकांसाठी काम असेल तर ९६ तासांची वेगळी पद्धत आहे, तेव्हा अहवाल कुठे जाणार हे आधी विचारून घ्या. खालचे आकडे ओईसीडी २०१ प्रमाणे आहेत.

कोणते शैवाल घ्यायचे?

पहिल्यांदाच करत असाल तर राफिडोसेलिस सबकॅपिटाटा. चंद्रकोरीसारखी, एकेकटी तरंगणारी हिरवी पेशी. गुठळ्या करत नाही, मोजायला सोपी. हिचा आज वापरात असलेला वाण १९५९ मध्ये नॉर्वेतल्या नितेल्वा नदीतून वेगळा केला गेला. नाव मात्र सारखे बदलत आले आहे: जुन्या अहवालांत सेलेनास्ट्रम कॅप्रिकॉर्न्युटम, मधल्या काळात स्यूडोकिर्चनेरिएला सबकॅपिटाटा. तिन्ही नावे एकाच शैवालाची आहेत. जुनी माहिती शोधताना एकाच नावावर थांबलात तर निम्मा साठा हाती लागत नाही.

डेस्मोडेस्मस सबस्पिकेटसही चालते, पण त्याच्या पेशी दोन-दोन, चार-चारच्या वसाहतीत राहतात आणि परिस्थितीनुसार रूप बदलतात. मोजताना वसाहती मोजल्या की पेशी, हे आधी ठरवले नाही तर आकडे वेडेवाकडे येतात. नाविक्युला पेलिक्युलोसा हा डायटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेले शैवाल आहे. त्याला माध्यमात सिलिकेट लागते. अॅनाबिना फ्लॉस-अॅक्वे आणि सिनेकोकॉकस हे सायनोबॅक्टेरिया. जंतुनाशके आणि प्रतिजैविके यांच्यासाठी त्यांची चाचणी टाळू नये, कारण ते मुळात जिवाणूच आहेत आणि हिरव्या शैवालापेक्षा कितीतरी कमी मात्रेत बळी पडू शकतात.

माध्यम घरी बनवता येते का?

येते, आणि बनवावेच. चार मूळ द्रावणे लागतात. खालची प्रमाणे एक लिटर मूळ द्रावणासाठी आहेत.

पहिले, मुख्य पोषकांचे: अमोनियम क्लोराइड १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड (६ रेणू पाण्याचे) १.२ ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड (२ रेणू पाण्याचे) १.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट (७ रेणू पाण्याचे) १.५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६ ग्रॅम.
दुसरे, लोहाचे: फेरिक क्लोराइड (६ रेणू पाण्याचे) ६४ मिलिग्रॅम, डायसोडियम ईडीटीए (२ रेणू पाण्याचे; धातूला धरून ठेवणारे रसायन) १०० मिलिग्रॅम.
तिसरे, सूक्ष्म घटकांचे: बोरिक आम्ल १८५ मिलिग्रॅम, मँगनीज क्लोराइड (४ रेणू पाण्याचे) ४१५, झिंक क्लोराइड ३, कोबाल्ट क्लोराइड (६ रेणू पाण्याचे) १.५, सोडियम मॉलिब्डेट (२ रेणू पाण्याचे) ७ आणि कॉपर क्लोराइड (२ रेणू पाण्याचे) ०.०१ मिलिग्रॅम.
चौथे: सोडियम बायकार्बोनेट ५० ग्रॅम.

साधारण ५०० मिलि शुद्ध पाण्यात पहिल्याचे १० मिलि आणि बाकी तिन्हींचे प्रत्येकी १ मिलि घालून एक लिटर करा. रात्रभर हवेला उघडे (धूळ पडणार नाही असे झाकून) ठेवा, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी तोल साधतो आणि पीएच ८.१ च्या आसपास स्थिरावतो. आज बनवून लगेच वापरलेल्या माध्यमाचा पीएच पहिल्या दिवशीच सरकताना दिसतो, तो यामुळे.

झिंक क्लोराइडची ३ किंवा कॉपर क्लोराइडची ०.०१ मिलिग्रॅमची मात्रा तराजूवर थेट तोलण्याच्या फंदात पडू नका. आधी तीव्र द्रावण करा आणि ते टप्प्याटप्प्याने पातळ करा.

ऑटोक्लेव्ह केल्यावर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर) माध्यम गढूळ झाले. टाकून द्यावे का?

हो. लोह-ईडीटीए आणि बायकार्बोनेट ही दोन द्रावणे कधीच ऑटोक्लेव्ह करू नयेत, ती ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळूनच निर्जंतुक करावीत. तापवल्यावर बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि कॅल्शियम खाली बसते. फ्लास्क उजेडासमोर धरून हलवला की तळातून बारीक पांढरा धूर वर येतो, तो हाच साका. त्यात लोह आणि फॉस्फेटही अडकते, म्हणून वरचे स्वच्छ पाणी ओतून घेऊनही उपयोग नाही.

चाचणीआधीचे कल्चर किती जुने असावे?

दोन ते चार दिवसांचे, आणि चाचणीच्याच माध्यमात, त्याच उजेडात, त्याच तापमानात वाढवलेले. आगर स्लँटवरून (नळीतल्या तिरक्या, घट्ट माध्यमावरून) किंवा महिनाभर खिडकीत ठेवलेल्या हिरव्यागार बाटलीतून थेट चाचणी सुरू करणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. अशा पेशी नव्या जागी रुळायला दिवस घेतात. पहिला दिवस असा वाया गेला की अख्खी चाचणी अवैध ठरू शकते (कशी, ते पुढे वैधतेच्या प्रश्नात आहे).

वापरण्याआधी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चंद्रकोरी रेखीव आणि आत हिरवा रंग भरलेला दिसला पाहिजे. फुगलेल्या, वाकड्या, फिकट पेशी जास्त असतील तर ते कल्चर टाकून द्या. मध्येच वळवळणारे पारदर्शक सिलिएट (शैवाल खाणारे एकपेशीय जीव) दिसले तर कल्चरच्या मूळ साठ्यापासूनच नव्याने सुरुवात करावी लागेल.

सुरुवातीला किती पेशी घालायच्या?

राफिडोसेलिससाठी प्रति मिलि ५,००० ते १०,०००. डेस्मोडेस्मससाठी २,००० ते ५,०००. सिनेकोकॉकसच्या पेशी फार बारीक, म्हणून ५०,००० ते १ लाख. कोणतीही प्रजाती असो, सुरुवातीचे कोरडे वजन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये.

हिशेब असा: कल्चरमध्ये प्रति मिलि १२ लाख पेशी आहेत आणि १०० मिलि फ्लास्कमध्ये प्रति मिलि १०,००० हव्या आहेत. एकूण लागतात १० लाख, म्हणजे ०.८३ मिलि. प्रत्येक फ्लास्कमध्ये हे वेगळे पिपेटने घालण्यापेक्षा कल्चर पातळ करून बरोबर १० लाख प्रति मिलि करा आणि सगळीकडे १ मिलि घाला. पेशी तळाशी बसतात, म्हणून दर दोन-तीन फ्लास्कनंतर बाटली हळुवार फिरवायला विसरू नका. पहिला फ्लास्क विरळ आणि शेवटचा दाट, अशी चढती ओळ दिसली तर कारण बहुधा इथेच सापडते.

जास्त पेशी घातल्या तर वाढ चांगली दिसेल असे वाटते, होते उलटे. दाट कल्चर दुसऱ्या दिवशीच कार्बन संपवते, पीएच चढवते आणि स्वतःच्याच सावलीत वाढू लागते.

किती फ्लास्क, किती मात्रा?

किमान पाच मात्रा, प्रत्येकीचे तीन फ्लास्क आणि कंट्रोलचे सहा. एकूण २१. विद्रावक वापरला तर त्याच्या कंट्रोलचे आणखी सहा. लागोपाठच्या मात्रांमध्ये ३.२ पटीपेक्षा जास्त अंतर नको: उदाहरणार्थ लिटरला ०.१, ०.३२, १, ३.२ आणि १० मिलिग्रॅम. या पाचांतून साधारण ५ ते ७५ टक्के वाढरोध पकडला गेला पाहिजे.

कुठून सुरू करायचे याचा अंदाज नसेल तर आधी दहा-दहा पटींची छोटी चाचपणी करा, एकेका फ्लास्कने. तिच्यावर दोन-तीन दिवस गेले तरी चालतील. मुख्य चाचणीत शून्य, शून्य, शून्य, शंभर, शंभर असे निकाल येण्यापेक्षा ते परवडते. काही तणनाशकांचा मात्रा-परिणाम वक्र फार उभा असतो, त्यांच्यासाठी ३.२ ऐवजी २ पटींचे अंतर ठेवा.

रसायनाचे पाण्यातले द्रावण माध्यमात भरपूर मिसळले तर पोषकेही पातळ होतात आणि वाढरोध रसायनाच्या माथी बसतो. रसायनाचे मूळ द्रावण माध्यमातच बनवावे हे उत्तम.

रसायन निरुपद्रवी असेल असा पक्का अंदाज असल्यास लिटरला १०० मिलिग्रॅम या एकाच मात्रेची मर्यादा-चाचणी पुरते. त्यात कंट्रोल आणि मात्रा दोन्हींचे सहा-सहा फ्लास्क लावावेत.

उजेड, तापमान, हलवणे?

तापमान २१ ते २४ अंशांमधले एक निवडून ±२ अंशांत राखा. उजेड अखंड, २४ तास. ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यात प्रति चौरस मीटर प्रति सेकंद ६० ते १२० मायक्रोमोल. पांढऱ्या ट्यूबखाली हे साधारण ४,४४० ते ८,८८० लक्स होतात. अॅनाबिनाला यापेक्षा कमी, ४० ते ६० मायक्रोमोल लागतात.

एलईडी वापरत असाल तर लक्समीटरवर विसंबू नका. तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने, म्हणजे हिरव्या-पिवळ्या उजेडाला जास्त गुण देऊन मोजतो; निळ्या-लाल एलईडीखाली त्याचा आकडा शैवालाला मिळणाऱ्या उजेडाबद्दल काहीच सांगत नाही. प्रकाशकण मोजणारा क्वांटम सेन्सर घ्या.

जागोजागच्या उजेडात ±१५ टक्क्यांहून जास्त फरक नको. शेकरच्या पृष्ठभागावर जाळी आखून प्रत्येक फ्लास्कच्या जागी मोजमाप करा. कोपऱ्यांतला उजेड मधल्यापेक्षा हमखास कमी निघतो. तरीही फ्लास्कच्या जागा रोज चिठ्ठ्या टाकून बदला. एकाच मात्रेचे तिन्ही फ्लास्क एका ओळीत ठेवले तर तो कोपऱ्याचा परिणाम होता की रसायनाचा, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

हलवणे दोन कारणांसाठी: पेशी तळाशी बसू नयेत आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरत राहावा. २५० मिलिच्या शंकूच्या फ्लास्कमध्ये १०० मिलि पुरे. काठोकाठ भरलेल्या फ्लास्कमध्ये कितीही हलवले तरी वायूची देवाणघेवाण होत नाही. तोंडाला हवा जाऊ देणारे बूच लावा, घट्ट रबरी नको.

पेशी कशा मोजायच्या? हिमोसायटोमीटर पुरेल का?

पुरेल, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. न्यूबावर चेंबरच्या १ मिमी × १ मिमी चौकोनात एका मिलिचा दहा हजारावा भाग मावतो. प्रति मिलि १०,००० पेशी असताना अशा चौकोनात सरासरी एकच पेशी दिसणार. नऊ चौकोन मोजले तरी नऊ पेशी, आणि नऊ पेशींवरची निव्वळ योगायोगाची चूक ३३ टक्के. म्हणून शून्य तासाची संख्या फ्लास्कमधून मोजायची नसते. ती दाट कल्चरच्या मोजणीवरून हिशेबाने काढायची. ४०० पेशी मोजल्यात तर चूक ५ टक्क्यांवर येते. तेव्हा मूळ कल्चर मोजताना आळस नको, सगळ्या निकालांचा पाया तिथे आहे. चेंबर भरल्यावर पेशी बसायला दोन-तीन मिनिटे द्या, नाहीतर वरच्या थरातल्या पेशी फोकसबाहेर राहून सुटतात.

इलेक्ट्रॉनिक कण-मोजणी यंत्र झटपट आणि नेमके चालते, मात्र त्याला शैवाल आणि साका यांतला फरक कळत नाही. रसायनाचे कण तरंगत असतील तर तेही पेशी म्हणून मोजले जातात. स्पेक्ट्रोफोटोमीटर पहिल्या दिवशीच्या विरळ कल्चरला फारसा उपयोगी नाही; वापरायचाच तर ४ किंवा १० सेंमी लांबीची क्युव्हेट घ्या.

क्लोरोफिलचे फ्लुरोसन्स फार संवेदनशील आणि सोयीचे आहे. पण अॅट्राझिन, डाययुरॉन यांसारखी प्रकाशसंश्लेषणाची साखळी अडवणारी तणनाशके प्रत्येक पेशीचे फ्लुरोसन्स वाढवतात, कारण पकडलेली ऊर्जा वापरायला वाट उरत नाही आणि ती उजेडाच्या रूपात बाहेर पडते. विष चढते आहे आणि यंत्र मात्र वाढ दाखवते. अशा रसायनांत निदान शेवटच्या दिवशी तरी पेशी डोळ्यांनी मोजून पडताळा घ्या.

मोजणी दर २४ तासांनी व्हायला हवी. त्याच दिवशी जमत नसेल तर लुगोलच्या आयोडिनने नमुने राखून ठेवता येतात. त्या नमुन्यांवर मग फ्लुरोसन्स मोजता येत नाही.

वाढीचा दर कसा काढायचा? उदाहरण द्या.

शेवटची संख्या भागिले सुरुवातीची संख्या; त्याचा नैसर्गिक लॉगरिदम; त्याला दिवसांनी भागायचे.

कंट्रोल: १०,००० वरून ७२ तासांत ८,००,०००. पटी ८०, लॉगरिदम ४.३८, दर दिवसाला १.४६.
मात्रा: १०,००० वरून १,२०,०००. पटी १२, लॉगरिदम २.४८, दर दिवसाला ०.८३.
वाढरोध: १.४६ मधून ०.८३ वजा करून १.४६ ने भागले, म्हणजे ४३ टक्के.

तेच आकडे उत्पन्नाच्या, म्हणजे शेवटची संख्या वजा सुरुवातीची, या हिशेबाने पाहा. कंट्रोलमध्ये ७,९०,०००, मात्रेत १,१०,०००. वाढरोध ८६ टक्के.

मग खरे कोणते, ४३ की ८६?

दोन्ही बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. वाढ घातांकी असल्याने दरातला थोडासा फरक तीन दिवसांत संख्येत भलामोठा होतो. म्हणूनच उत्पन्नावरून काढलेला ईवायसी५० (ईसी५० म्हणजे ५० टक्के वाढरोध घडवणारी मात्रा) हा दरावरून काढलेल्या ईआरसी५० पेक्षा जवळपास नेहमीच कमी, म्हणजे रसायन जास्त विषारी असल्यासारखा दिसतो.

आमचा कल स्पष्टपणे दराकडे आहे. उत्पन्नाचा आकडा चाचणी किती दिवस चालली आणि कंट्रोल किती जोमात वाढला यांवर हलतो. त्याच रसायनाची चाचणी ४८ तासांऐवजी ७२ तास केली की तो आपोआप खाली सरकतो. वर्गीकरणाच्या जागतिक पद्धतीतही, म्हणजे जीएचएसमध्ये, ईआरसी५० च पाहतात: लिटरला १ मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर तीव्र श्रेणी १, १ ते १० श्रेणी २, १० ते १०० श्रेणी ३. जुन्या अहवालात नुसते 'ईसी५०' लिहिलेले असेल तर ते कशावरून काढले हे शोधल्याशिवाय तुलना करू नका. कच्च्या मोजण्या दिलेल्या असतील तर दर स्वतः काढून घ्यावा.

आलेखावर पट्टी ठेवून ५० टक्क्यांचा बिंदू वाचण्याचे दिवस गेले. प्रत्येक फ्लास्कचा वेगळा दर घेऊन (तिघांची सरासरी नव्हे) योग्य वक्र बसवा आणि ईसी५० सोबत ईसी१० व त्यांच्या विश्वासमर्यादा द्या.

चाचणी वैध ठरायला काय लागते?

तीन कसोट्या, तिन्ही कंट्रोलवरच्या.

एक, ७२ तासांत कंट्रोल किमान १६ पट वाढला पाहिजे, म्हणजे दिवसाला ०.९२ चा दर. राफिडोसेलिस सहसा १.५ ते १.७ ने वाढते, त्यामुळे १६ पटीवर कशीबशी पोहोचलेली चाचणी कागदावर वैध असली तरी काहीतरी बिनसले आहे असे समजा.

दोन, दर दिवसाच्या दरांमधला चढउतार (फरक-गुणांक, म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी; कंट्रोल फ्लास्कची सरासरी) ३५ टक्क्यांच्या आत हवा. लोक अडकतात ते इथे. समजा तीन दिवसांचे दर ०.६, १.५ आणि १.६ आले. एकूण वाढ ४० पट, पहिली कसोटी आरामात पार. पण या तीन आकड्यांचा फरक-गुणांक ४५ टक्के येतो आणि चाचणी नापास. दोष पहिल्या दिवसाच्या सुस्तीचा, म्हणजे जुन्या किंवा वेगळ्या उजेडात वाढवलेल्या कल्चरचा. उलट शेवटचा दिवस ढेपाळला असेल तर कार्बन किंवा उजेड कमी पडला असे धरून चाला आणि पुढच्या वेळी सुरुवातीच्या पेशी कमी करा. १६ पट वाढ आधीच गाठली असेल तर चाचणी ४८ तासांपर्यंत आखूड करण्याचीही मुभा आहे.

तीन, कंट्रोल फ्लास्कच्या ७२ तासांच्या सरासरी दरांमध्ये आपसातला फरक-गुणांक राफिडोसेलिस आणि डेस्मोडेस्मससाठी ७ टक्क्यांच्या आत, इतर प्रजातींसाठी १० टक्क्यांच्या आत. तो जास्त आला तर आधी उजेडाची जाळी आणि काचेची धुलाई तपासा. डिटर्जंटचा पुसटसा थरही एखाद्या फ्लास्कला मागे पाडतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळून शुद्ध पाण्याने चार-पाच वेळा धुवा.

कंट्रोलचा पीएच वाढला. किती चालतो?

१.५ एककांपर्यंत. शैवाल कार्बन खाते, हवेतून तो तितक्या वेगाने भरून येत नाही, म्हणून पीएच चढतो.

ज्या रसायनांचे आयनीभवन होते त्यांच्यासाठी एवढी ढीलही जास्त आहे. ३,५-डायक्लोरोफेनॉल घ्या: कमकुवत आम्ल, पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनीभूत होतात तो) सुमारे ८.२. पीएच ८.१ ला त्याचे निम्म्याहून थोडे जास्त रेणू भाररहित असतात आणि तेच पेशीच्या आवरणातून सहज आत शिरतात. पीएच ९.१ झाला की भाररहित रेणू जेमतेम ११ टक्के उरतात. मात्रा तीच राहिली, पण वाढत्या पीएचबरोबर विष बोथट झाले. गंमत म्हणजे ज्या फ्लास्कमध्ये वाढ जास्त, तिथेच पीएच जास्त चढतो. त्यामुळे कमी मात्रांमधला परिणाम आणखी कमी दिसतो आणि वक्र कृत्रिमपणे उभा होतो. अशा रसायनांत पेशी कमी घाला, फ्लास्कमध्ये पाण्याची उंची कमी ठेवा, आणि पीएच फक्त कंट्रोलमध्ये नव्हे तर प्रत्येक मात्रेत सुरुवातीला व शेवटी नोंदवा.

रसायन पाण्यात विरघळत नाही. काय करू?

विद्राव्यतेच्या वर जाऊ नका. तरंगणारे कण पेशींना चिकटतात, उजेड अडवतात आणि मोजणीत घुसतात. तो परिणाम विषाचा नव्हे. विद्रावक लागलाच तर लिटरला ०.१ मिलिपेक्षा जास्त नको, आणि त्याचे प्रमाण सर्व मात्रांत व विद्रावक-कंट्रोलमध्ये सारखेच हवे. विद्रावक हे जिवाणूंचे खाद्य असते. कल्चर निर्भेळ नसेल तर तिसऱ्या दिवशी पाणी दुधट दिसते आणि कण-मोजणी यंत्राचा आकडा फुगतो.

पेट्रोलियमसारख्या मिश्रणांसाठी प्रत्येक भरणपातळीचे (लिटरला किती मिश्रण घातले त्या प्रमाणाचे) पाणी वेगळे ढवळून, वेगळे निथळून घ्यावे. एकच दाट अर्क काढून तो पातळ करत जाणे चूक आहे, कारण मिश्रणातले घटक प्रत्येक पातळीवर वेगळ्या प्रमाणात पाण्यात उतरतात.

उडून जाणाऱ्या रसायनाचे?

बंद, काठोकाठ भरलेल्या बाटल्या. मग कार्बन हवेतून येणार नाही, म्हणून बायकार्बोनेट वाढवावे लागते आणि पेशी कमी घालाव्या लागतात. कंट्रोलही तशाच बंद बाटल्यांत हवा.

रंगीत रसायनाने उजेडच अडवला तर?

रंगाने झालेली सावली आणि रसायनाचे विष वेगळे करावे लागते. एक मार्ग म्हणजे फ्लास्कभोवती दुसरे भांडे ठेवून त्यात रंगीत द्रावण भरणे आणि आतल्या शैवालाला फक्त सावली देणे. एवढ्या सावलीनेच वाढ तेवढी घटली, तर तो आकडा विषारीपणा म्हणून देता येत नाही. शिवाय पातळ थर आणि थोडा जास्त उजेड ठेवला की सावलीचा वाटा कमी होतो.

धातूंच्या चाचणीत निकाल फार मवाळ येतात, का?

ईडीटीए धातूला धरून ठेवते. या माध्यमात ते लिटरला ०.१ मिलिग्रॅम असते, दुसऱ्या प्रचलित एएपी माध्यमात ०.३. तांबे किंवा झिंक अशी लिटरला काही मायक्रोग्रॅमच्या पातळीवर बाधणारी द्रव्ये असतील तर माध्यमाच्या या निवडीने ईसी५० बराच सरकतो. कोणते माध्यम वापरले हे न लिहिलेला धातूचा आकडा आम्ही तुलनेला घेत नाही.

उलटा प्रकारही होतो. चाचणीचे रसायनच धातू बांधणारे असेल तर ते शैवालाचे लोह पळवते आणि उपासमार विषबाधेसारखी दिसते. अशा वेळी लोह आणि ईडीटीए यांचे प्रमाण वाढवून चाचणी पुन्हा करा. वाढ परत आली तर कारण उपासमार होते.

मात्रा प्रत्यक्ष मोजणे गरजेचे आहे?

गरजेचे आहे. किमान सुरुवातीला आणि शेवटी. सगळ्या मोजण्या ठरवलेल्या मात्रेच्या ±२० टक्क्यांत राहिल्या तर निकाल त्या मात्रेवरच देता येतो. नाहीतर भौमितिक सरासरी: सुरुवातीला १.० आणि शेवटी ०.४ मिलिग्रॅम असेल तर ०.६३, साध्या सरासरीचे ०.७ नव्हे. शैवाल न घातलेला एक फ्लास्कही शेजारी ठेवा. त्यात रसायन टिकले आणि शैवालाच्या फ्लास्कमध्ये घटले तर ते पेशींनी शोषले. दोन्हीकडे घटले तर ते उजेडाने तुटले, उडाले किंवा काचेला चिकटले. मोजण्याआधी पेशी गाळून किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळ्या करा.

आमची प्रयोगशाळा बरोबर काम करते हे कसे कळणार?

संदर्भ-रसायनाने, वर्षातून किमान दोनदा. पोटॅशियम डायक्रोमेट किंवा ३,५-डायक्लोरोफेनॉल. राफिडोसेलिसचा डायक्रोमेटसाठीचा ईआरसी५० लिटरला साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. दर वेळचा आकडा एकाच तक्त्यावर टिपत राहा. एखादा आकडा एकदाच उसळला तर तो योगायोग असू शकतो, पण लागोपाठ एकाच दिशेला सरकत असेल तर कल्चर, माध्यम किंवा ट्यूब बदलायची वेळ आली आहे. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे: हातमोजे घाला, आणि उरलेले द्रावण सिंकमध्ये न ओतता वेगळ्या पिंपात साठवा.

कमी मात्रेत वाढ कंट्रोलपेक्षा जास्त आली. चूक झाली का?

नाही, असे होते. ते आकडे गाळू नका. अशी वाढ सामावून घेणारे प्रारूप बसवा. मात्र रसायनात नायट्रोजन किंवा फॉस्फरस आहे का ते पाहून घ्या.

पेशींची संख्या घटली, पण द्रावण हिरवेच दिसते. हे कसे?

राफिडोसेलिसची पेशी आतल्या आत विभागून एकदम दोन, चार किंवा आठ पिल्ले सोडते. विभाजन अडवणाऱ्या रसायनात ती वाढत राहते पण फुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली नाजूक चंद्रकोरीऐवजी फुगीर, गोलसर पेशी दिसतात. अशा वेळी संख्या, पेशींचे एकूण घनफळ आणि फ्लुरोसन्स तीन वेगळे निकाल देतील. अहवालात कोणती मोजणी वापरली ते ठळक लिहा आणि पेशींचे रूपही नोंदवा.

शैवाल मेले की नुसते थांबले, हे कळू शकते का?

७२ तास संपल्यावर जिथे वाढ थांबली आहे त्या फ्लास्कमधले अर्धा मिलि घेऊन ५० मिलि ताज्या, रसायनविरहित माध्यमात टाका आणि त्याच उजेडात ठेवा. शंभरपट पातळ झाल्याने विष बहुतेक वेळा निरुपद्रवी पातळीवर येते. जोडीला कंट्रोलचा फ्लास्कही तसाच पातळ करून ठेवा, पण त्यातून अर्धा मिलि नव्हे, तर तितक्याच पेशी जातील एवढाच थेंब घ्या; नाहीतर दाट आणि विरळ यांची शर्यत लावल्यासारखे होईल. आठवड्याभर रोज पाहा. दोन-तीन दिवस काहीच न दिसता चौथ्या दिवशी तळाशी फिकट हिरवी झाक आली, तर पेशी नुसत्या थांबल्या होत्या.